गिरणीगावची प्रेमगीते : ‘आपण’पासून ‘आम्ही दोघे’पर्यंत

मराठीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला दोन सर्वनामे आहेत. बोलणारा ऐकणाऱ्याला आपल्या गटात धरतो तेव्हा ‘आपण’ म्हणतो. त्याला गटाबाहेर ठेवतो तेव्हा ‘आम्ही’. ‘आपण जेवू’ आणि ‘आम्ही जेवू’ यांतला फरक दारात उभ्या असलेल्या पाहुण्याला व्याकरण शिकल्यावाचून कळतो. द्राविडी भाषांत हा भेद दृढ आहे, आणि मराठीत तो त्यांच्या सहवासाने रुजला असावा असे मत भाषाशास्त्रात मांडले गेले आहे. इंग्रजीत तो नाही. तेथे दोहोंचे काम एकाच शब्दावर भागते. ऐकणारा आत आहे की बाहेर, हे संबोधनावरून, प्रसंगावरून, पुष्कळदा नुसत्या स्वरावरून ठरवावे लागते. त्यामुळे इंग्रजी गीत मराठीत आणू पाहणाऱ्याला असा एक निर्णय घ्यावा लागतो, जो मूळ गीतकाराला कधीच घ्यावा लागला नव्हता. हा निर्णय वरवर क्षुल्लक दिसतो. परंतु अमेरिकेतील गिरण्या, खाणी आणि पोलादाच्या भट्ट्या यांच्या आधाराने वसलेल्या गावांची विसाव्या शतकातील गीते पाहू लागले असता तो त्यांच्या इतिहासाच्या मर्माशीच जाऊन भिडतो.

या गावांविषयीच्या ज्या गीतांना १९७० नंतरच्या पंचवीस वर्षांत मोठा श्रोतृवर्ग लाभला, त्यांचा विषय बहुधा एकच आहे. एक पुरुष, एक स्त्री, तरुणपणी पाहिलेले स्वप्न, बंद पडलेला कारखाना. स्वप्न विटले, माणसे मात्र एकमेकांना सोडून गेली नाहीत. या गीतांना भावविवश म्हणून बाजूला सारण्याची प्रवृत्ती अभ्यासकांत आढळते. कामगारचळवळीच्या इतिहासकारांना त्यांत चळवळ दिसत नाही, आणि काव्याच्या अभ्यासकांना त्यांत काव्य थोडेच दिसते. वस्तुतः ज्या जागेवर पूर्वी संपाचे गीत उभे होते, त्याच जागेवर हे प्रेमगीत येऊन उभे राहिले आहे. ती जागा रिकामी कशी झाली, हे पाहिल्यावाचून त्यातील प्रेमाचा अर्थ लागत नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या कोळसाखाणींतील गीते जॉर्ज कॉर्सन या वृत्तपत्रव्यावसायिकाने गोळा केली आणि १९२७ साली प्रथम ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. खाणकामगारांना गाणी असतात व ती जतन करण्याजोगी असतात, ही कल्पनाच त्या काळी विद्वानांना नवी होती. लोकगीत म्हणजे डोंगरातले जुने, इंग्लंड-स्कॉटलंडहून आलेले, अशी समजूत दृढ होती. खाणवस्तीतील गीतांत एक रूढ प्रारंभ आढळतो : गायक जमलेल्या सर्वांना हाक मारतो, जवळ बोलावतो आणि मग कथा सांगतो. पोवाड्याचा शाहीर सभेला साद घालतो त्याचीच ही दूरची बहीण म्हणावी. ही हाक नुसती अलंकारिक नसे. गायक आणि श्रोते एकाच खाणीत उतरणारे, एकाच दुकानात उधारी असणारे. त्या गीतांतील प्रथमपुरुषी अनेकवचन मराठीत आणताना हात ‘आपण’कडेच वळतो.

या परंपरेचे सर्वांत प्रसिद्ध गीत एका स्त्रीने रचले आहे. १९३१ साली केंटकी राज्यातील हार्लन परगण्यात खाणकामगारांचा संप चालू असता फ्लॉरेन्स रीस यांच्या घरात शेरीफची माणसे त्यांच्या पतीच्या, म्हणजे युनियनच्या एका संघटकाच्या, शोधात शिरली. त्यानंतर घरातील दिनदर्शिकेच्या पानावर त्यांनी ‘विच साइड आर यू ऑन?’ हे गीत लिहिले. चाल जुनीच, परंपरेने आलेली घेतली. गीताचे शीर्षकच प्रश्न आहे, आणि तो श्रोत्याला विचारलेला आहे. तटस्थ श्रोता ही कल्पना येथे संभवतच नाही. ऐकणारा एक तर ‘आपण’मध्ये येतो किंवा शत्रूच्या गोटात जातो. याच्या दोनच वर्षे आधी, उत्तर कॅरोलिनातील गॅस्टोनिया येथील कापडगिरणीच्या संपात एला मे विगिन्स ही गिरणीकामगार स्त्री गाणी रचून सभांत म्हणत असे. १४ सप्टेंबर १९२९ रोजी तिला गोळी घालून ठार करण्यात आले. तिचे सर्वांत परिचित गीत घरी मुले टाकून कामावर जाणाऱ्या आईचे आहे. म्हणजे घर, मुले, नवराबायको हे विषय या गीतांत नव्हते असे मुळीच नाही. ते होते, परंतु घरातले दुःख सभेत नेऊन मांडावयाचे आणि तेथून त्याचे उत्तर मागावयाचे, अशी त्यांची रीत होती.

आणखी एक योगायोग नोंदविण्याजोगा आहे. ‘अमेरिकन स्वप्न’ हा आज घासून गुळगुळीत झालेला शब्दप्रयोग इतिहासकार जेम्स ट्रस्लो ॲडम्स यांच्या ग्रंथामुळे रूढ झाला, तोही १९३१ मध्येच. एकाच वर्षी एका इतिहासकाराने राष्ट्राला स्वप्नाचे नाव दिले आणि एका खाणकामगाराच्या पत्नीने बाजू निवडण्याचा प्रश्न घातला. पुढील अर्धशतकात स्वप्न गीतांत राहिले. प्रश्न हळूहळू त्यांतून निघून गेला.

तो का गेला, याला एक कारण नाही. युद्धोत्तर काळात युनियनमध्ये असलेल्यांचे प्रमाण १९५० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील नोकरदारांच्या सुमारे एक तृतीयांशापर्यंत पोहोचले होते. वेतन वाढले, घरे झाली, मोटारी आल्या. संपाचे गीत म्हणण्याची निकड उरली नाही. दुसरे कारण माध्यमाचे. मर्ल ट्रॅव्हिस यांनी १९४६ मध्ये ध्वनिमुद्रित केलेले ‘सिक्स्टीन टन्स’ हे कंपनीच्या दुकानातील कर्जात रुतलेल्या खाणकामगाराचे गीत १९५५ साली टेनेसी अर्नी फोर्ड यांच्या आवाजात देशभर गाजले. ते ऐकणारे बहुसंख्य लोक खाणीच्या जवळपासही राहत नव्हते. रेडिओ आणि तबकडी यांनी गीताला सभेतून उचलून स्वयंपाकघरात, आणि त्यानंतर मोटारीत नेऊन ठेवले. मोटारीत एक किंवा दोन माणसे बसतात. जमलेल्यांना हाक मारण्याची जुनी रीत तेथे कोणाला उद्देशून चालावी?

लोरेटा लिन यांचे ‘कोल मायनर्स डॉटर’ हे १९७० चे गीत या संक्रमणाच्या मधोमध उभे आहे. केंटकीतील बुचर हॉलो या वस्तीत खाणकामगाराच्या घरी जन्मलेल्या या गायिकेने आईबापांच्या दारिद्र्याचे वर्णन करताना त्या घरात प्रेम भरपूर होते असे सांगितले आहे. खाण तीच आहे. परंतु मालक नाही, शेरीफ नाही, बाजू निवडण्याचा प्रश्न नाही. कष्टाला उत्तर म्हणून प्रेम पुढे आले आहे. जॉन प्राइन यांच्या १९७१ च्या पहिल्या संग्रहातील ‘हॅलो इन देअर’ हे गीत वृद्ध जोडप्याचे आहे : मुले पांगली, एक युद्धात गेला, कारखान्यातील जुन्या सोबत्याला फोन करावा तर बोलण्यासारखे काही नाही. ते रचणारा तेव्हा पंचविशीच्या आतला होता आणि त्याआधी शिकागोजवळ टपाल वाटण्याचे काम करीत असे. वृद्धांच्या दारात रोज जाणाऱ्या माणसाचे हे गीत आहे, हे ऐकताना जाणवते. त्याच संग्रहातील ‘पॅरडाइज’ हे केंटकीतील त्या नावाच्या गावाविषयी आहे; कोळशासाठी जमीन खरवडून काढलेल्या त्या प्रदेशातून ते गाव १९६० च्या दशकातच नाहीसे झाले.

या सर्व धारा ज्या एका गीतात येऊन मिळतात ते म्हणजे ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचे ‘द रिव्हर’. सप्टेंबर १९७९ मध्ये न्यूयॉर्क येथील अणुऊर्जाविरोधी जलशात ते प्रथम गायिले गेले व ऑक्टोबर १९८० मध्ये त्याच नावाच्या संग्रहात प्रसिद्ध झाले. स्प्रिंगस्टीन यांचा जन्म १९४९ चा. वाढले न्यू जर्सीतील फ्रीहोल्ड या लहान गावात. गीत आपल्या धाकट्या बहिणीच्या व मेहुण्याच्या संसारावरून सुचले, असे त्यांनी पुढे स्वतःच सांगितले आहे. मेहुणा बांधकामावर होता आणि काम गेल्यावर घर चालविण्याची त्यांची धडपड गीतकाराने जवळून पाहिली होती.

गीताची कथा थोडक्यात अशी. शाळेत असताना जमलेले प्रेम, दिवस राहणे, एकोणिसाव्या वाढदिवसाला मुलाच्या हाती आलेल्या दोन वस्तू : युनियनचे कार्ड आणि लग्नाचा कोट. न्यायाधीशासमोर समारंभावाचून झालेले लग्न, बांधकाम कंपनीतील नोकरी, मग काम आटणे, आणि आठवणींनी छळलेला आजचा नवरा. ज्या नदीवर दोघे पोहावयास जात ती नदी आता कोरडी आहे, तरी पाय तिकडेच वळतात.

कार्ड आणि कोट या दोन वस्तू एकाच दिवशी दिल्या जातात, याकडे द्यावे तितके लक्ष दिले गेलेले नाही. हे दोन करार आहेत. एक करार कामगाराचा त्याच्या वर्गाशी व त्या वर्गामार्फत मालकाशी. दुसरा त्याचा एका स्त्रीशी. एकोणीस वर्षांच्या मुलाला गाव हे दोन्ही एकदम देते, कारण त्या गावच्या जगण्यात एकावाचून दुसरा शक्य नव्हता : कार्ड होते म्हणून पगार होता, पगार होता म्हणून संसार. गीताच्या उत्तरार्धात पहिला करार नुसता अदृश्य होतो. युनियनने काय केले, कामावरून काढल्यावर कोण भांडले, कोणी भांडले की नाही, याविषयी एक शब्द नाही. काम नाही, त्याला अर्थव्यवस्था कारण, एवढेच नायक सांगतो. जणू पाऊस पडला नाही. दुसरा करार तेवढा उरतो. तो आनंदाने उरतो असे नाही : नवरा काही आठवत नसल्याचे सोंग करतो, बायको काही वाटत नसल्याचे. परंतु तो उरतो. या प्रकारच्या गीतांतील ‘टिकणाऱ्या प्रेमा’चा अर्थ येथे स्पष्ट दिसतो. बाकीच्या संस्था मोडून पडल्यावर जी एक संस्था उभी राहिली, तिच्यावर सर्व संस्थांचा भार आला आहे.

आता सर्वनामांकडे वळावयास हरकत नाही. या गीताच्या आरंभीच नायक श्रोत्याला ‘मिस्टर’ म्हणतो. इंग्रजीत हे संबोधन अनोळखी, आणि बहुधा आपल्याहून वरच्या थरातील, पुरुषासाठी असते. म्हणजे ऐकणारा खोऱ्यातला नाही. त्याला तेथील रीत समजावून सांगावी लागते. परिणामी ‘मी आणि मेरी’ यांच्यासाठी गीतात जे अनेकवचन येते त्याचे मराठी रूप ‘आम्ही’ असेच करावे लागेल, ‘आपण’ करता येणार नाही. रीस यांच्या गीतात श्रोत्याला आत ओढणारे अनेकवचन होते. येथे ते दोन माणसांभोवती कुंपण घालते आणि श्रोता कुंपणापलीकडून पाहतो. हेच संबोधन वा त्याचा सख्खा भाऊ ‘सर’ हा स्प्रिंगस्टीन यांच्या त्या काळच्या अनेक गीतांत आढळतो. तो नुसता वृत्तपूर्तीसाठी आला असता तर इतक्या वेळा, इतक्या नेमक्या जागी आला नसता.

काळांचा वापरही असाच बोलका आहे. ध्रुपद तीनदा येते. पहिल्यांदा त्यात मराठीत ज्याला रीतिभूतकाळ म्हणतात तो आहे : जात असू, उडी घेत असू. दुसऱ्यांदा लग्नाच्या रात्रीचा एकदाच घडलेला साधा भूतकाळ येतो. तिसऱ्यांदा वर्तमानकाळ येतो आणि नदीकडे ओढला जाणारा ‘मी’ एकवचनी होतो. मात्र अगदी अखेरीस ती आणि तो पुन्हा एकत्र येतात, आणि त्या जोडीला तेथे वर्तमानकाळी क्रियापद आहे.  स्वप्नाचे काय झाले, असा प्रश्न नायक स्वतः विचारतो व अनुत्तरित सोडतो. प्रेमाचे काय झाले, हे मात्र गीत त्या वर्तमानकाळाने सांगते.

ऐतिहासिक पुरावा म्हणून गीत वापरताना काही सावधगिरी आवश्यक आहे. अमेरिकेतील कारखान्यांतील नोकऱ्यांची संख्या जून १९७९ मध्ये सुमारे १ कोटी ९५ लाख या उच्चांकाला पोहोचली आणि २०१० च्या आरंभी ती सुमारे १ कोटी १५ लाखांवर आली. ‘द रिव्हर’ त्या उच्चांकानंतर तीनच महिन्यांनी गायिले गेले. आकडे शिखरावर असताना गीत उताराविषयी बोलत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु नायक बांधकाम कामगार आहे, गिरणीतला नव्हे. आणि बांधकामातील मंदी वेगळ्या चक्राने चालते. एवढे मात्र म्हणता येईल की देशाच्या एकूण बेरजेत जे अजून दिसत नव्हते ते ईशान्येकडील गावांत पुष्कळ आधीपासून दिसत होते. फ्रीहोल्डची स्वतःची गालिच्यांची गिरणी १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धातच बंद होऊन काम दक्षिणेकडे गेले होते. ही गिरणी काराग्युझियन या आर्मेनियन घराण्याची, आणि तिच्या गालिच्यांचे व्यापारी नाव होते ‘गुलिस्तान’. सादीच्या बागेचे नाव न्यू जर्सीतील मजूरवस्तीत असे पोहोचले. स्प्रिंगस्टीन यांच्या वडिलांनी तेथे काही काळ काम केले होते.

या गीतातील मोठी उणीव म्हणजे मेरी बोलत नाही. सर्व दुःख पुरुषाच्या तोंडून येते. तिच्या वाट्याला एक सोंग तेवढे येते. १९७५ च्या ‘थंडर रोड’ या गीतातही मेरी नावाची स्त्री आहे. तेथे नायक तिला मोटारीत बसून गाव सोडण्याची गळ घालतो. ती तीच स्त्री आहे असे मानण्यास आधार नाही. कॅथलिक वस्तीत वाढलेल्या गीतकाराला हे नाव सहज सुचणारे आहे. तरीही पाच वर्षांत मेरी पळून जाण्याच्या उंबरठ्यावरून राहून गेलेल्या संसारात आलेली दिसते, आणि दोन्ही ठिकाणी तिचे म्हणणे ऐकू येत नाही. आपल्याकडे बायकोने नवऱ्याचे नाव घ्यावयाचे ते उखाण्यात, आडून. येथे नवरा बायकोचे नाव उघड घेतो आणि तिचे बोलणे मात्र आड ठेवतो. दुसरी बाजू ऐकावयाची तर पुन्हा लोरेटा लिन यांच्याकडे जावे लागते. पंधराव्या वर्षी लग्न झालेल्या या गायिकेचे ‘द पिल’ हे संततिप्रतिबंधक गोळीवरील गीत १९७५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि अनेक रेडिओ केंद्रांनी ते वाजविण्याचे नाकारले. त्यातील पत्नी नवऱ्याला सोडून जात नाही. वर्षावर्षाला येणाऱ्या बाळंतपणाला मात्र ती नकार देते. टिकणाऱ्या प्रेमाची किंमत कोणी मोजली, हे पुरुषांच्या गीतांपेक्षा या एका विनोदी गीतात अधिक उघडपणे आले आहे.

‘माय होमटाउन’ (१९८४) हे फ्रीहोल्डचे गीत मानले जाते. त्यात लहान मुलाला मांडीवर घेऊन मोटार चालविणारा बाप आहे, वर्णीय दंगल आहे, बंद पडलेली कापडगिरणी आहे, आणि अखेरीस पस्तिशीचे नवराबायको रात्री अंथरुणात पडून गाव सोडावे का याची कुजबुज करीत आहेत. गीतातील दंगल १९६५ ची आहे. फ्रीहोल्डमधील प्रत्यक्ष दंगल १९६९ मध्ये झाली. गीतकाराने वर्ष बदलले म्हणून पुरावा खोटा ठरत नाही. परंतु ज्या गावच्या हरवलेल्या सुखाची आठवण काढली जाते ते सुख सर्व वर्णांना सारखे वाटलेले नव्हते, याची कबुली या एका गीतात तरी आहे. या प्रकारातील बहुतेक गीतांत ती नाही.

त्याच वर्षी १९ सप्टेंबर रोजी न्यू जर्सीतील हॅमन्टन येथील प्रचारसभेत राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी श्रोत्यांच्या मनातील स्वप्नांचा उल्लेख करून स्प्रिंगस्टीन यांच्या गीतांतील आशेच्या संदेशाचा गौरव केला. काही दिवसांतच पिट्सबर्ग येथील जलशात गायकाने या गौरवाविषयी रंगमंचावरून शंका व्यक्त केली आणि बेकार पोलादकामगारांच्या अन्नसाहाय्य केंद्राला देणगी दिली. पुढच्या वर्षी फ्रीहोल्डमधील थ्री-एम कंपनीचा कारखाना बंद होणार असे जाहीर झाले. तेथे ध्वनिफिती आणि चित्रफिती तयार होत. ज्या वस्तूवर गीत मुद्रित होते ती वस्तू बनविणारे हात त्या गीतातल्याच गावचे होते. युनियनने चालविलेल्या मोहिमेला गावांच्या नावाने शीर्षक देण्यात आले, स्प्रिंगस्टीन व विली नेल्सन यांनी कंपनीला जाहीर पत्र लिहिले, जानेवारी १९८६ मध्ये जवळच्या ॲसबरी पार्क येथे साहाय्यार्थ जलसा झाला. कारखाना बंद झालाच. तथापि सभेतून निघून गेलेले गीत येथे, फार थोड्या काळासाठी, पुन्हा सभेत आलेले दिसते.

बिली जोएल यांच्या ‘ॲलनटाउन’ (१९८२) या गीताविषयी फार लिहिण्याची आवश्यकता नाही. त्याची चाल प्रथम ‘लेव्हिटटाउन’ या नावावर बेतली होती. नाव बदलले तरी अक्षरसंख्या तीच राहिली. पोलादाचा मोठा कारखाना खरे तर शेजारच्या बेथलेहेम गावी होता आणि तेथील पोलादनिर्मिती १९९५ मध्ये थांबली. या गीतात ‘आम्ही’ पुष्कळदा येतो. पण तो न्यूयॉर्कजवळच्या उपनगरात वाढलेल्या गायकाने उसना घेतलेला आहे. उसना ‘आम्ही’ हा काही दोष नव्हे. स्प्रिंगस्टीन यांनीही आपण आयुष्यात कधी कारखान्यात काम केले नाही, असे रंगमंचावर हसत हसत कबूल केले आहे.

सभेतून शयनगृहाकडे जाणारा हा प्रवास अटळ होता असे समजण्याचे कारण नाही. त्याच्या उलट दिशेचे उदाहरण मराठीतच आहे. अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) वाटेगावहून लहानपणी मुंबईत आले, मिळेल ती कामे करीत गिरणगावात वाढले आणि १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकात उभे राहिले. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात गाजलेली त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड विरहगीत म्हणून सुरू होते. पोटासाठी मुंबईस निघालेला नवरा, गावी राहिलेली बायको, निरोपाच्या वेळी दिलेली दागिन्यांची आश्वासने, आणि शहरातील बेकारीत विरून गेलेली ती आश्वासने : ‘द रिव्हर’मधील सर्व साहित्य येथे आधीच हजर आहे. परंतु छक्कड तेथे थांबत नाही. मैनेचा विरह हाच तुटलेल्या महाराष्ट्राचा विरह होतो. बेळगाव, कारवार, निपाणी, डांग, उंबरगाव ही नावे प्रेयसीच्या जागी येऊन बसतात. ‘माझी’ या एकवचनी षष्ठीने सुरू झालेले गीत हजारोंच्या सभेत ‘आपल्या’पर्यंत पोहोचते. ते ज्या सभांत म्हटले जाई, तेथे श्रोता ‘मिस्टर’ नव्हता. बहुधा त्याचीही मैना गावीच होती. १ मे १९६० रोजी राज्य झाले. बेळगाव, कारवार, निपाणी व डांग, उंबरगाव बाहेर राहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरण्यांतून बाहेर पडलेले हजारो कामगार कोकणात व घाटावर परतले, तेव्हा हे गीत पुन्हा त्याच्या पहिल्या, साध्या अर्थाने ऐकले गेले असल्यास नवल नाही.

अण्णाभाऊंच्या छकडीत स्त्री ही भूमी होते. १९९५ मध्ये स्प्रिंगस्टीन यांनी ‘यंग्सटाउन’ या गीतात याच्या उलट केले : तेथे भट्टी ही स्त्री होते. ओहायोतील यंग्सटाउन हे पोलादाचे गाव. १९ सप्टेंबर १९७७ रोजी, सोमवारी, तेथील कॅम्बेल कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि सुमारे पाच हजार कामगारांच्या नोकऱ्या एका घोषणेत गेल्या. गावातील धर्मसंस्थांनी एकत्र येऊन कारखाना लोकांच्या मालकीने चालविण्याची योजना आखली. केंद्र सरकारने १९७९ मध्ये कर्जाची हमी नाकारली तेव्हा ती कोसळली. १९३० मध्ये १,७०,००२ असलेली या शहराची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत ६०,०६८ भरली.

गीत मात्र १८०३ पासून सुरू होते, जेव्हा तेथे लोहधातुक सापडले आणि पहिली भट्टी उभी राहिली. पोवाड्यासारखे ते वर्ष सांगते, नावे सांगते, युद्धांमागून युद्धांना पुरविलेल्या पोलादाचा पाढा वाचते. मालकाला ते ‘सर’ म्हणते आणि त्याच्यावर आरोप ठेवते. रीस यांच्यानंतर इतक्या वर्षांनी आरोपी पुन्हा गीतात उभा केला गेला आहे. परंतु बाजू निवडण्यास सांगावे असे कोणी समोर उरलेले नाही. म्हणून ध्रुपदात नायक ‘जेनी’ला हाक मारतो, आणि ती हाक प्रियकराची आहे. जेनी म्हणजे ब्रायर हिल कारखान्यातील जेनेट ही झोतभट्टी; कंपनीच्या अध्यक्षाच्या मुलीवरून तिचे नाव ठेवले होते. अशा भट्ट्यांना मालकांच्या बायकामुलींची नावे देण्याची तिकडे रीतच होती. नाव मालकाच्या घरातले, लाडके रूप कामगारांनी केलेले. मराठीत भट्टी मुळातच स्त्रीलिंगी असल्याने या संबोधनातील धक्का आपल्याला थोडा कमी जाणवतो. निर्जीव वस्तूंना लिंग न देणाऱ्या इंग्रजीत तो पुरेपूर बसतो. भट्टी १९७७ मध्येच विझलेली होती. गीत आले तेव्हा तिचा गंजलेला सांगाडा नदीकाठी उभा होता, आणि ती ऐतिहासिक वास्तू म्हणून राखावी असा काही स्थानिकांचा प्रयत्न चालू होता. जानेवारी १९९७ मध्ये ती पाडण्यात आली. गीतातील ध्रुपदात काही फरक झाला नाही. हाक अजून द्वितीयपुरुषीच आहे.